दिगूकाकांनी मोकळी सोडलेली बाजू

माझ्या कोल्ड रूममध्ये, मासळीच्या खोक्यांवर, वर्षभर एक तुटका पाइप पडून आहे. तो मी कुणाला फेकू देत नाही.

तो दिगूकाकांचा आहे. काकांना जाऊन आज वर्ष झालं.

मीना सलमान बंदरात आमचं फ्रोझन मासळीचं गोडाऊन आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये काका वेल्डर. मालवणकडचे. तीस वर्षं बहारीनमध्ये काढली, पण बोलणं तसूभर बदललं नाही.
मी पुण्याची. पापलेट आणि हलवा यांतला फरक मला काकांनी शिकवला. तो मला येत नव्हता हेही त्यांनीच अख्ख्या गल्लीला सांगितलं.

त्यांचा मुलगा प्रथमेश इथेच शाळा शिकला, आता कॅनडात नोकरी करतो. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.
बापलेकाचा फोन दोन मिनिटांचा असायचा.
जेवलास? येस. थंडी आहे? येस.
खलास.

मग एक दिवस प्रथमेशने व्हिडिओ पाठवला. गोठलेलं तळं आणि त्यावर दोरीने ओढायची प्लास्टिकची स्लेड, म्हणजे आपल्या घमेल्याची लांबुळकी बहीण.
तिकडे बर्फाला भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि उलट्या बादलीवर बसून राहतात. हौस म्हणून!
स्लेडमध्ये गळाचे चार रॉड नुसते टाकलेले होते. दोऱ्यांचा गुंता झालेला, एकाचं टोक मोडलेलं.
शेवटी तो म्हणाला, "बाबा, कॅन यू मेक समथिंग फॉर द रॉड्स?"

तो व्हिडिओ काकांनी मला चार वेळा दाखवला.
मी म्हटलं, काका, असले होल्डर तिकडे तयार मिळत असतील.
दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कितीतरी वर्षांनी पोराने काहीतरी मागितलं होतं आणि मी मध्येच दुकान दाखवत होते. चूक माझीच.

प्लास्टिकच्या पाइपांचा पहिला होल्डर झाला चार फुटी. दर शुक्रवारी समुद्रावर गळ घेऊन बसणारा माणूस, तो कशाला कुणाला रॉडची लांबी विचारतोय?
बर्फावरचे रॉड हातभरच असतात. पाइपात टाकले असते तर विहिरीत पडल्यासारखे दिसेनासे झाले असते.
प्रथमेश इतका हसला की त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. काका नंतर दिवसभर शीळ घालत वेल्डिंग करत होते.

मग पाइप कापले. रीलसाठी खाचा पाडल्या. आणि एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, मॅडम, तुमच्या फ्रीजरात हे दोन दिवस ठेवू का?
बर्फ त्यांनी आयुष्यात फक्त मासळीवर पाहिलेला. थंडीत पाइपाचं काय होतं, ते बघायचं होतं.

दोन दिवसांनी पांढरा पाइप बाहेर काढून हातातून सोडला. तुकडा उडाला. तोच हा खोक्यांवरचा पाइप.
मग पाण्याच्या लाइनचा काळा पाइप आणला. तो चार वेळा आपटला, काही झालं नाही. इथल्या अरबीत म्हणाले, "मफी मुश्किल," काही अडचण नाही.

पण एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? आमच्या स्टाफचं जॅकेट आणि जाड ग्लोव्ह्ज घालून ते स्वतःच आत गेले, होल्डर स्लेडला बांधायचे पट्टे त्या ग्लोव्ह्जनी उघडता येतात का बघायला. नाही आले. मग बकल काढून रबराचे मोठे फास लावले.
नंतर तिथल्याच एका क्रेटवर बसून राहिले. दहा मिनिटं. मी दारात उभी राहून ओरडतेय, काका, बाहेर या.

आले तेव्हा हसत नव्हते.
"एवढ्या थंडीत बसता माझो झील?"

तिथूनच प्रथमेशला फोन लावला. जेवलास का विचारलं नाही. एकटाच जातोस का, ते विचारलं.
तो म्हणाला, "नो बाबा, फ्रेंड्स आर देअर."

काकांनी फोन खिशात ठेवला.
"खोटा बोलता तो. बादली एकच होती."

चार वेळा व्हिडिओ मीही पाहिला होता. मला बादली दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही पाइप स्लेडच्या एकाच बाजूला येतील अशा पट्टीवर बसवले. दुसरी बाजू पूर्ण मोकळी. मी म्हटलं, स्लेड कलणार. म्हणाले, कलू दे.
मग त्या बाजूला काय, असं विचारल्यावर म्हणाले, दुसरी बादली.
मग त्याला सांगा की तसं!
"सांगलंय तर लाजतलो तो. जागा रिकामी आसली की ठेयतलो कधीतरी."

पार्सल पोचलं. प्रथमेशची तक्रार आली, स्लेड एका बाजूला कलते. काका म्हणाले, असू दे तशीच.
महिन्याभरात काका गेले. सकाळी कामावर निघताना, चपला घालता घालता.

प्रथमेश आला. सगळे विधी झाल्यावर गोडाऊनवर आला आणि बाबा कुठे बसले होते ते दाखवा म्हणाला. दाखवलं. तो बसला.
ती मोकळी बाजू कशासाठी होती, ते मी तेव्हा सांगून टाकलं. काकांनी मला सांगू नको असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी मी सांगितलंच असतं.
 तो मराठीत म्हणाला, "म्हणजे बाबांना माहीत होतं?"
हो रे, पहिल्या दिवसापासून.

आज सकाळी त्याचा फोटो आला. तेच गोठलेलं तळं, तेच काळे पाइप, चारही रॉड जागच्या जागी. भोकाशेजारी दोन उलट्या बादल्या. एकीवर लाल टोपी घातलेला कुणीतरी चहा पितोय, दुसरी रिकामी, कारण प्रथमेश फोटो काढतोय.
खाली मराठीत लिहिलंय, "स्लेड आता कलत नाही."

काका, ठेवली हो त्याने बादली.
तुम्हाला मनापासून नमस्कार.