पाचवी मूठ

ती घटना आठवली की आजही आधी माझाच मला राग येतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी शिरपूरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

धुळ्याहून गोपनीय शिक्क्याचा कागद आला. आखातातल्या एका बंदरात जहाजावरच्या एका खलाशाला पहारेकऱ्याच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. आपण भारतीय, अमुक गावचे, असं तो सांगत होता. पण जवळ कागद एकही नव्हता. तो आपला नागरिक ठरला तरच तिथली आपली वकिलात त्याला वकील देऊन अपील करणार होती. कागद टेबलाटेबलावरून फिरत आलेला, त्यामुळे मुदत बाराच दिवस उरली होती.

दोन शिपाई घेऊन मी पूर्ण गणवेशात त्याने सांगितलेल्या घरी गेलो. गोपनीय म्हणजे गोपनीय, म्हणून कारण सांगितलं नाही. नुसतं नाव विचारलं. या नावाचं आमच्या घरात कोणी नाही, असं घरातल्या म्हाताऱ्या आबांनी सांगितलं. त्यांच्या दोन्ही मुलांनीही तेच. पोलीस पाटील आढ्याकडे बघत बसला. एकेकाला वेगळं घेऊन विचारलं, दरडावलं, शेवटी जबाबांवर अंगठे घेतले. झाली म्हणे चौकशी! डोंबलाची चौकशी.

निघताना पाणी प्यायला ओसरीवर टेकलो. कानबाईचा सण दोन दिवसांवर आला होता आणि आत आबांची म्हातारी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढत होती. मीही खानदेशातलाच, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, हे मला कोणी शिकवायला नको. घरात पुरुष चार: आबा, दोन मुलगे आणि पाळण्यातला नातू. म्हातारीने चौघांचे गहू काढले, क्षणभर थांबली आणि पुन्हा पोत्यात हात घातला.

मी शिपायांना बाहेर पाठवलं, टोपी काढली आणि विचारलं, "अक्का, ही पाचवी मूठ कोणाची?"

तिने ती मूठ पदराआड केली. मग मी तो शिक्का बाजूला ठेवून सगळं सांगून टाकलं. तेव्हा उलगडा झाला. सहा वर्षांपूर्वी बांधावरच्या मारामारीत कोणाचं तरी डोकं फोडून तिचा तिसरा पोरगा पळाला होता, आणि पोलीस त्यालाच धरायला आलेत असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. ती तक्रार तर कधीच मिटली होती.

"मना आंडोर शे तो," म्हातारीने पोटचा मुलगा कबूल केला. "जित्ता शे ना, साहेब?"

"जिता आहे, अक्का," मी म्हणालो. पुरवणी जबाब घेतले, शाळेच्या दाखल्याची नक्कल काढली आणि त्याच दुपारी धुळ्याला तार केली. अपील मुदतीत दाखल झालं. खालच्या कोर्टात त्याला दुभाषाच मिळाला नव्हता, हे वकिलाने दाखवलं आणि फाशी जाऊन सात वर्षांची कैद झाली. वकिलातीचा माणूस तुरुंगात जाऊन त्याला भेटे. पत्रं आली की ती वाचून दाखवायला मी साध्या कपड्यांत त्या घरी जात असे. पुढे तो स्वतःच घरी आला.

परक्या देशात अडकलेल्या माणसाच्या मागे सरकार उभं राहतं, पण त्याआधी कुठल्यातरी ठाण्यातून एक खरी ओळ जावी लागते. मी 'इसम या गावचा नाही' असं लिहून मोकळा होणार होतो, आणि रात्री पोटभर जेवलोही असतो. तेव्हापासून कोणाच्याही दारात उभा राहिलो की आधी मी का आलो ते सांगायचो. लोक पोलिसांशी खोटं बोलतात हे खरं. पण पुष्कळदा ते आपल्या माणसाला वाचवायला बोलतात, आणि आपणही त्याला वाचवायलाच आलोय हे त्यांना सांगायचं आपणच विसरतो.