मिरच्यांवरचा शालू

अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका लागला, तेवढ्यात नात मोबाईल नाचवत आली. "आजी, हे गुप्त लढाऊ विमान रडारलेही दिसत नाही!"

मी थेट युद्धाच्या दिवसांत पोचले. मोताळ्यातली नवी सून मी! चुलीपाशी सासूबाईंनी कान टवकारले. "विमान येऊन राह्यलं वं!" मला काहीच ऐकू येईना. पण लाल मिरच्या वरून दिसतील, गावावर बॉम्ब पडेल, म्हणून मी शूर बाईने माझ्या लग्नाचा हिरवा शालू त्यांच्यावर पसरला. मग घरघर आली आणि गेली. गाव वाचवलं! मी नाचायचीच बाकी होते.

"आता हळदीकुंकवाले तोच नेसजो," सासूबाई म्हणाल्या. नेसले, आणि दिवसभर अंगाची आग आग.

"आवाज येतो का वं त्या विमानाचा?" मी नातीला विचारलं.

"हो, येतो ना."

"मंग माह्या सासूले सापडलंच असतं!"