अजबखान्यातल्या पांढऱ्या टोप्या

आम्ही जुने सोबती भेटलो की साठे मास्तरांचे किस्से निघतात, आणि दरवेळी एखादा वाढलेलाच असतो. त्यातला प्रत्येक खरा असेल असं नाही. मी सांगतोय ते मात्र माझ्यासमोर घडलेत.

मास्तर सोलापूरच्या अजबखान्यात होते. अजबखाना म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, थोड्या जुन्या मूर्ती आणि मास्तरांचा कॅमेरा. गिरणीच्या फाटकाशी उभे राहून ते आम्हा तरण्या पोरांना म्हणायचे, "रविवारी या. मूर्ती बघा, फोटो काढायला शिका. फुकट."

फुकट म्हटल्यावर आम्ही महिनाभर फिरकलोच नाही. माणूस पोलिसांचा असणार, यावर आमचं एकमत होतं. पुढे कळलं, पोलिसांना तो आमच्यातला वाटत होता.

*

आमच्यातला येल्लप्पा हा विणकराचा मुलगा. त्याची आई पाळत ठेवायला वर्गातच येऊन बसली. मास्तर कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरले तशी म्हणाली, "चांगला माणूस तोंड कशाला झाकंल?"

मास्तरांनी तिलाच कापडातून बघायला लावलं. आत काचेवर येल्लप्पा, खाली डोकं वर पाय. तिनं बाहेर येऊन लेकाला नीट न्याहाळलं. "शिकवा," म्हणाली, "पण घरी सरळ करून धाडा."

*

मास्तरांनी पहिली काच धुऊन उजेडात धरली तेव्हा मी भांडलोच. आमच्या काळ्या टोप्या पांढऱ्याफेक, तोंडं तव्यासारखी!

"काचेवर उलटं उमटतं. कागदावर सरळ होईल," मास्तर म्हणाले. कागद हातात येईपर्यंत माझा विश्वास बसला नाही.

*

एका रविवारी काळी टोपी घातलेले पाहुणे आले. "माढ्याचा हाय. धान्याचा व्यापार."

येल्लप्पानं ज्वारीचा भाव विचारला. "चाललंय की बरं," पाहुणे म्हणाले. पायात पोलिसी बूट. मी मास्तरांच्या कानाला लागलो.

"पाहुण्यांना मधे बसवा," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांचा फोटो घेतला.

*

शहरात लष्करी कायदा होऊन गेला होता. पांढरी गांधी टोपी दिसली की पोलिसांचं डोकं फिरायचं. पुढच्या रविवारी तेच पाहुणे फौजदाराच्या वेशात आले, दोन शिपाई घेऊन. ओळख दाखवली नाही. आता खोलीला टाळं, कॅमेरा जप्त आणि मास्तर आत, हे दिसतच होतं.

कागदावर उतरायची राहिलेली गेल्या रविवारची काच फौजदारांनी उचलून खिडकीशी धरली. ओळीनं पांढऱ्या टोप्या.

"सगळी टोळीच सापडली की." त्यांनी मधल्या माणसावर बोट ठेवलं. "हा म्होरक्या कोण? आधी त्यालाच आत टाकतो."

मास्तरांनी चष्मा पुसला, काच नीट बघितली.

"हे माढ्याचे धान्याचे व्यापारी, साहेब. बूट बघा, ओळख पटेल."