इंजिनाचा आवाज बसतो तेव्हा

कारखान्यात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये त्याची उभी हयात गेली. खाली लोखंडाचा साचा उतरवायचा असो की अख्खं यंत्र, हा वरून एकच शब्द ओरडायचा, “सावकाश!” खालची माणसं आधी वैतागली, मग हसली आणि शेवटी त्याच नावाने त्याला हाक मारू लागली.

निवृत्त झाला तेव्हा हात रिकामे झाले. आणि त्याच सुमारास घरात एक गोष्ट अडून बसली. मुलगी समुद्रापलीकडे राहायची. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आई हवी होती. आईचाही जीव तिकडेच लागला होता, पण विमानात पाऊल ठेवायला ती तयार नव्हती.

पूर्वी एकदाच ती विमानात बसली होती, भाच्याच्या लग्नाला जाताना. सगळं सुरळीत चाललेलं असताना एकाएकी इंजिनाचा आवाज बसला. नाक खाली झुकलं. तिने नवऱ्याचं मनगट गच्च धरलं. “बंद पडलं का हो?”

“नाही गं.”

“मग आवाज कुठे गेला?”

ते त्याला सांगता आलं नाही. परत येताना ती दोन गाड्या बदलून आगगाडीने आली.

आताही ती म्हणायची, “तुम्ही जा एकटे.”

“मी जाऊन काय करू?”

“तेही खरंच. पाळणा क्रेनने हलवाल.” असं म्हणून ती हसायची आणि लगेच तोंड फिरवून भांडी लावायला लागायची. भांडी आधीच लावलेली असायची.

मुलीच्या खोलीत तिचा जुना कॉम्प्युटर होता. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने त्यात विमान चालवायचा खेळ घालून दिला, एक जॉयस्टिकही जोडून दिली. “काका, नातवाची तयारी का?”

“नाही. बायकोची.”

उड्डाण सावकाशला शिकायचंच नव्हतं. त्याला हवं होतं फक्त उतरणं. खेळात विमान आधीपासून आकाशात ठेवता यायचं. हा तिथूनच सुरुवात करायचा. सकाळचा चहा झाला की खुर्चीत बसायचा, कामावर जाताना घालायचा तसा शर्ट घालून.

पहिली अडचण त्याच्या हाताची होती. ऑटोपायलट चालू असला की विमान आपोआप चालतं, त्याला हात लावायचा नसतो. पण ओझं खाली जातंय आणि आपला हात दांड्यावर नाही, हे त्याच्या अंगात बसेना. हात आपोआप जॉयस्टिककडे जायचा, जरा हलवली की ऑटोपायलट सुटायचा आणि भोंगा वाजायचा. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “पडलं का?”

“नाही पडलं!”

“मग ओरडतंय कशाला?”

शेवटी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागला.

दुसरी अडचण त्याच्या नावाची. दर मिनिटाला किती खाली यायचं तो आकडा तो सवयीने अगदी लहान लावायचा. विमान अलगद उतरायचं, इतकं अलगद की धावपट्टी खालून निघून जायची आणि विमान अजून ढगातच असायचं. मग तो चिडून मोठा आकडा लावायचा. नाक झुकायचं, वेग भलताच वाढायचा आणि पुन्हा भोंगा. हळू यायचं असेल तर आधीपासून निघायला हवं, खूप आधीपासून. धावपट्टी दिसायच्याही कितीतरी आधी. हे कळायला त्याला बरेच दिवस लागले. एकदा जमलं म्हणून तो उठला नाही. भोंगा न वाजता, वेग न चुकता तेच तेच उतरणं पुन्हा पुन्हा जमेपर्यंत त्याने ते जमलं असं मानलं नाही.

मग एका सकाळी त्याला आवाजाचंही कळलं. खालच्या उंचीचा आकडा त्याने आधीच लावून ठेवला होता. उतरायला लागायची ठरलेली जागा आली, विमानाने आपण होऊन इंजिनं मंद केली, नाक थोडं झुकवलं आणि ते वेग जसाच्या तसा धरून खाली येऊ लागलं. क्रेनवर माल चढवताना मोटर कण्हते. उतरवताना मालच खाली जातो, मोटरला फक्त आवरायचं असतं. इथेही तेच. उतारावर सायकलला पायडल मारत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारी दुसरी खुर्ची मांडली. “जरा बस इथे. बघू नकोस, नुसतं ऐक.”

ती ओले हात पदराला पुसत बसली. डोळे मिटले. “बोला, कॅप्टन.”

“आता थोड्या वेळात आवाज बसेल. तो बंद पडल्याचा नाही. उतरायची वेळ झाल्याचा.”

दोघं वाट बघत राहिली. आवाज काही बसेना. इंजिनं एकसुरात घुमत होती.

“झालं का?”

“होईल.”

तिने एक डोळा उघडला. सावकाशच्या कपाळावर घाम होता. ठरलेली जागा मागे पडली होती. पडद्यावर एक सूचना लुकलुकत होती. कुठल्या उंचीपर्यंत उतरायचं तो आकडा त्याने पडद्यावरच्या चौकटीत लावलाच नव्हता. इतक्या दिवसांत न झालेली चूक आज झाली. खाली धावपट्टी सरकत मागे गेली आणि विमान सरळ, शांत, पुढे चाललं होतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. “आकडा लावायचा राहिला. तो लावल्याशिवाय ते उतरत नाही.”

तिने दुसराही डोळा उघडला. मग म्हणाली, “म्हणजे ते आपल्या मनाने खाली येत नाही?”

“नाही.”

“कुणीतरी सांगावं लागतं?”

“हो. किती खाली यायचं ते आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर आहे तिथेच राहतं.”

“मग त्या वेळी... ते सांगूनच खाली येत होतं?”

“सांगूनच.”

तिने पडद्याकडे पाहिलं. “मला वाटत होतं, त्याचा दम संपला.” मग खुर्ची पुढे ओढली. “सरका. मला लावू द्या आकडा. कुठे फिरवायचं?”

“हे इथे. साव...”

“माहितीये.”

त्याने विमान पुन्हा मागे नेऊन ठेवलं. तिने चष्मा चढवला, खालची उंची लावली आणि वाट बघत बसली. इतक्यात फोन वाजला. मुलगी होती. “आई, काय करतेयस?”

“थांब गं, बोलू नकोस.”

इंजिनांचा आवाज बसला. नाक झुकलं. तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हाताने नवऱ्याला ‘हा का?’ अशी खूण केली. त्याने मान हलवली.

“आई? काय झालं? आहेस ना?”

“आहे गं. विमान उतरवतेय.”

“कुठलं विमान?”

“ते आल्यावर सांगते. तारीख बोल आधी, कधी येऊ?”