रिकामी न ठेवायची खुर्ची

माझ्या वहिनीच्या तोंडाला कधी विसावा नसे. भाजी निवडताना, केर काढताना, तापात पडलेली असतानाही ती बोलायची. माझा थोरला भाऊ, दादा, अबोल. तिच्या बडबडीवर तो गालातल्या गालात हसायचा. तिच्याबद्दल लिहिणं मला जमेल असं वाटत नाही, तरी लिहितो.

दादा संग्रहालयात रखवालदार होता. त्याच्या दालनात काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीच्या एका बाईचा सांगाडा होता, गुडघे पोटाशी घेतलेला. काचेवर आतून वाफ धरायची आणि वाफेत बोटं ओढल्याच्या खुणा दिसायच्या. साहेब म्हणायचे, हवा दमट आहे.  रखवालदार मात्र दालन उघडं असेपर्यंत पेटीसमोरची खुर्ची रिकामी सोडत नसत. बदलीच्या माणसाने “मी बसतो, तू जा” म्हटल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

बदलीची माणसं एकेक करून नोकरी सोडून गेली. दादा तेवढा उरला. घरी यायचा तो बर्फासारखे हात घेऊन. भिंतीकडे बघत जेवायचा. वहिनी बोलायची, पण तो हसत नसे.

“भावोजी, नुसतं धड घरी येतं,” ती मला म्हणाली. “सवत आणली ती पण हाडांची! निदान स्वयंपाकाला तरी हात लावला असता.” मग डोळे पुसून म्हणाली, “मला माझा माणूस परत हवाय.”

दादाच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी सगळे खाली निरोपाला जमले. दादा येईना, म्हणून वहिनी आणि मी वर दालनात गेलो.

“अहो, चला. भाषण साहेबांच्या पोटात मावेनासं झालंय.”

“बदलीला कोणी नाही. कसा उठू?”

“तुमची नोकरी संपली आज!”

“हे तिला कोण सांगणार?”

वहिनीचा पारा चढला. तिने दंडाला धरून त्याला ओढून उठवलं आणि स्वतः खुर्चीत धपकन बसली. “हे घ्या! मी बसते, तुम्ही जा!”

“असं म्हणू नकोस!” दादा ओरडला.

काचेवर आतून एक तळवा उमटला, लहानसा, स्पष्ट. वहिनी हसत होती. ते हसू मध्येच थांबलं. मी तिला हात धरून उठवलं. हात गार पडला होता.

दालन नंतर बंद केलं. पेटी कुठे नेली, साहेब सांगत नाहीत. दादा आता पूर्वीसारखा झालाय. उलट जास्तच बोलतो. काल मी गेलो तेव्हा तो वहिनीचे तळवे चोळत बसला होता.

“अगं, बोल ना. शिव्या दे हवं तर.”

वहिनीने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. ती आत्ताच निजलीय.”