खिडकीतला ओटा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की माझी सून शोभा घर बाहेर काढते. घर आवरते असं मी म्हणत नाही, बाहेर काढते असंच म्हणतो. गाद्या, डबे, पातेली, टीव्हीचं टेबल, सगळं पॅसेजमध्ये. बुद्धमूर्तीची फळी तेवढी भिंतीवर राहते आणि खाटेवर मी राहतो. एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. पण सामान बाहेर निघालं की बघणाऱ्याला वाटतं दोन बिऱ्हाडं राहत होती.

समोरच्या गुजराती भाभी दरवर्षी दारात येऊन विचारतात, "शोभाबेन, घर खाली कर रहे हो क्या?"

शोभा डोक्याला फडकं बांधलेलं तसंच ठेवून म्हणते, "नहीं भाभी, स्कूल खुल रहा है."

ती एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जाते. दिवाळीला सुट्टी घेत नाही, शाळेला तीन दिवस घेते. पहिल्या दिवशी घर रिकामं. दुसऱ्या दिवशी पोरींना भिंतीला उभं करून हात वर करायला लावते. जिथं बोट पोचलं तिथं दप्तराचा खुंटा, त्याच्या खाली डबा, त्याच्या खाली वह्या. तिसऱ्या दिवशी गणवेशाची दुमड उसवून लांबी वाढवते, खाकी कव्हरं घालते आणि जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून दाभणानं कच्च्या वह्या शिवते. मोठ्यांच्या वस्तू मग उरेल तिथं. माझ्या मुलाला, म्हणजे रवीला, एकदा आपला दाढीचा डबा माळ्यावर सापडला. तो ओरडला तर ही म्हणाली, "मोठ्या माणसाचा हात कुठंही पोचतो. पोरींचा पोचला पाहिजे."

मी गवंडी माणूस. तिसरीत शाळा सोडली आणि जालन्याकडून इकडं आलो, तेव्हा मिठागरं होती त्या जागी आता बिल्डिंगी आहेत. सिल्व्हर पार्कातल्या कितीतरी स्वयंपाकघरांचे ओटे माझ्या हातचे आहेत. एक टवका उडालेला दाखवा. त्यामुळं घरात वस्तू कुठं ठेवायची हे मला सुनेनं सांगावं, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

थोरली नात प्रतीक्षा बालवाडीत गेली त्या वर्षी शोभानं माझी अवजारांची पेटी खाटेखालून ओढली आणि रवीला हाताशी धरून माळ्यावर चढवली. त्या पेटीत माझा ओळंबा, थापी, पातळी, सगळं आयुष्य होतं. मी जेवण सोडलं. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिनं ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि समोरच बसली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते.

"मामा, उपाशी राहिलात तरी पेटी वरच राहणार. जेवून भांडा. उपाशी माणसाला भांडायला जोर येत नाही."

मी जेवलो आणि मग भांडलोही. पेटी वरच राहिली. तेव्हा मला तिचा राग आला होता, पण खरं सांगतो, कामाच्या जागी मला असे मुकादम आवडायचे. एकदा दोरी लावली की लावली.

प्रतीक्षा नववीत गेली आणि मार्क घसरले. बाईंनी शोभाला शाळेत बोलावलं. पोरगी हुशार आहे, पण घरी अभ्यास होत नाही, दहावीत हे चालायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. होणार कसा? बाहेरच्या खोलीत माझी खाट, माझ्याकडं येणारे चार म्हातारे, टीव्ही, धाकटी दीक्षा. आत कुकरच्या शिट्ट्या. पोरगी दारात वही मांडीवर घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय उचलून वाट द्यायची.

त्या दिवशी शोभा शाळेतून आली ती तशीच उंबऱ्यात बसली. म्हणाली, "मामा, मीबी नववीतच शाळा सोडली. डोकं नव्हतं म्हणून नाही. बसायला जागा नव्हती म्हणून. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही मला."

मी म्हणालो, "जागा मी करतो."

मे महिन्यात पोरी त्यांच्या मामाकडं, शोभाच्या भावाकडं गेल्या, शोभा गाळ्यात जायची, रवी ड्युटीवर. मी माळ्यावरून पेटी उतरवली, खिडकीखालची माझी खाट सरकवली, कडप्पा आणला आणि दोन दिवसांत खिडकीला धरून ओटा उभा केला. कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की हात फिरवावा. कोणालाही विचारलं नाही. ओटा बांधायला मी कोणाला विचारणार?

पोरी परत आल्या. प्रतीक्षा हरखून खुर्ची घेऊन बसली आणि ओट्याची कड तिच्या काखेला लागली. लिहायला हात वर केला तर खांदे कानाला टेकले. गुडघे आत घालायला जागा नव्हती, कारण खाली मी नेहमीसारखी विटांची भिंत घातली होती आणि सिलिंडरपुरता कोनाडा सोडला होता. उंची अगदी स्वयंपाकाच्या ओट्याची. जन्मभर तेच बांधलं, हात त्याच मापावर गेला. इतकंच काय, कोपऱ्यात गॅसच्या नळीसाठी भोकसुद्धा ठेवलं होतं.

दीक्षा फिसकन हसली. रवी म्हणाला, "बाबा, हे काय केलंत?"

मी म्हणालो, "माप बरोबर आहे. पोरगीच बुटकी आहे."

प्रतीक्षा खुर्चीवरून उठली आणि आत गेली. शोभानं ओट्यावरून हात फिरवला, भोकात बोट घालून पाहिलं, खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. मग पदर खोचला.

"रवी, शेगडी बाहेर आण."

त्या संध्याकाळी आमच्या घराची उलथापालथ झाली. शेगडी माझ्या ओट्यावर आली, सिलिंडर कोनाड्यात बसला, नळी भोकातून गेली. मापात, जराही इकडं-तिकडं नाही. स्वयंपाकघर रिकामं झालं. तिथं दार होतं, लावलं की बाहेरचं ऐकू येत नाही. शोभानं माझी पेटी आत नेली, दोन्ही टोकांना उरलेल्या विटा रचल्या आणि पेटी वर चढवली. प्रतीक्षाला समोर स्टुलावर बसवलं.

"कोपर ठेव. उंच वाटतंय?"

"थोडं."

दोन्हीकडची एकेक वीट काढली. "आता?"

"आता बरोबर."

झालं माप. मी दारात उभा राहून बघत होतो. पन्नास वर्षं टेप खिशात घेऊन हिंडलो, पण ज्याला वापरायचंय त्याला आधी बसवून बघावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर शोभानं बाहेरच्या खोलीत स्वयंपाक केला. दार उघडलं की समोर फोडणी. माझ्या खाटेला रोज मिरचीचा ठसका. भांडी घासायची मोरी आतच होती, म्हणून पोरगी शाळेतून यायच्या आधी ती सगळी भांडी घासून बाहेर आणायची, आणि नंतर एखादं उष्टं ताट पडलं तर पडू द्यायची, पण आतलं दार उघडायची नाही. माझ्या चार म्हाताऱ्यांना तिनं सांगून टाकलं, "काका, या वर्षी गप्पा खाली बाकड्यावर. मामांनाबी तेवढंच चालणं होईल." ते गेले. मीही गेलो, कुरकुरत गेलो.

शेजारपाजारचे हसायचे. वरच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "अगं शोभा, हॉलमध्ये गॅस? हॉटेल टाकलंयस का?" ही म्हणाली, "हो, तुम्ही गिऱ्हाईक कधी होताय?"

ओट्याच्या मापाचा विषय मात्र त्या वर्षभरात तिनं एकदाही काढला नाही. टोमणा नाही, नजर नाही. मला तर हळूहळू वाटायला लागलं की मी ओटा शोभासाठीच बांधला होता. खाली बाकड्यावर मी तसं सांगायलाही लागलो.

दहावीचा निकाल लागला. प्रतीक्षा पहिल्या वर्गात पास झाली, गणितात तर शोभालाही खरं वाटेना एवढे मार्क. शोभाची भावजय पेढे घेऊन आली. घराकडं बघत म्हणाली, "एवढ्याशा घरात अभ्यास तरी कुठं केलास गं?"

पोरगी तोंड उघडणार, तेवढ्यात शोभा म्हणाली, "आमच्या मामांनी जागा करून दिली. दोन दिवस खपून खिडकीत ओटा बांधला, म्हणून तर आतली खोली मोकळी झाली."

भावजय म्हणाली, "नशीबवान गं तुम्ही. आमच्या घरच्या म्हाताऱ्याला खुंटा ठोकायला सांगितला तर भिंत पाडतो."

सगळे हसले. माझ्या हातात अर्धा पेढा होता, तो तसाच राहिला. एवढी मोठी शाबासकी मला कुठल्या शेठनं दिली नव्हती, आणि तिच्यातला एक शब्दही माझ्या कमाईचा नव्हता.

पाहुणे गेले. शोभा भाकरी थापायला लागली. मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"शोभा, माप चुकलं होतं माझं."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. मला वाटलं ती 'जाऊ द्या मामा' म्हणेल.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझं काय, मला ओटा मिळाला. बुटकी तुम्ही तिला म्हणालात. तिला सांगा."

मी चाळीस-चाळीस फुटांच्या परांचीवर चढलेला माणूस, पण ती चार पावलं मला त्याहून अवघड गेली. आतलं दार ढकललं. प्रतीक्षा पेटीवरची पुस्तकं आवरत होती, खालच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायची म्हणून.

"पोरी, तू बुटकी नाहीस. माझंच माप चुकलं होतं."

तिनं पुस्तकांवरची धूळ फडक्यानं पुसली. मग माझ्याकडं बघून हसली.

"माहितीये आजोबा. शाळा उघडली त्याच दिवशी मी वर्गात मोजलं होतं. माझ्यापेक्षा अकरा जणी बुटक्या आहेत."