येळवशीच्या दिवशी दोन टेकड्या

माझ्या काळजात स्प्रिंग टाकून दीड वर्ष झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, आता चाला, फिरा, जिने चढा, बिनघोर राहा." हे वाक्य आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाच ऐकू आलं नाही. आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं सांभाळली, आणि रिटायर झाल्यावर सांभाळायला मी सापडले. बादली उचलली की "ठेव!" झाडू घेतला की "ठेव!" न्हाणीची कडी आतून लावायची नाही. मला साधी शिंक आली तरी हे खुर्चीतून अर्धे उठायचे.

पालमच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, लेस, दोरे. वीस वर्षं मी एकटीनं चालवलं. पण दुकान माडीवर, पायऱ्या बावीस, म्हणून दीड वर्षं कुलूप. आता तर ह्यांनी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला ती जागा द्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. अमावास्या झाली की त्याला हो म्हणून सांगतो, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बावीस पायऱ्यांचं भेव दाखवताय व्हय मला?" मी म्हणाले. "गावाभायेरच्या त्या दोन टेकड्या चढून दाखवते. धाकली बी आन थोरली बी. दम लागून खाली बसले तर खुशाल द्या दुकान. न्हाई बसले तर किल्ली माझ्या हातात."

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "माझ्यासंगं यायचं. आन मी म्हनंल त्या दिवशी."

आणि दिवस कोणता काढावा ह्यांनी? येळवस! मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळी रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिथं लक्ष्मीची पूजा करायची आणि तिथंच पंगत मांडायची. ह्यांचा विचार असा, की रान माणसांनी भरलेलं असणार, ही चक्कर येऊन पडली तर उचलायला चार हात मिळतील. एवढा शिकलेला माणूस, पण एक गोष्ट ध्यानात आली नाही. येळवशीला रानातून जाणाऱ्याला कुणी उपाशी पुढं सोडत नाही, आणि नको म्हणणं म्हणजे लक्ष्मीलाच नको म्हणणं.

ह्यांची लिंगपूजा आटपून रिक्षानं पायथ्याला पोचायला नऊ वाजले. मी पोराचे जुने बूट घातले होते, साडी वर खोचली होती. ध्यान दिसत असणार, पण दिसू द्या. हे पाठीमागून चालायले, आणि दर पन्नास पावलांवर हुकूम: "थांब. श्वास घे."

"अहो, श्वास तर मी जन्मल्यापासून घ्यायलेच की!"

धाकली टेकडी मी गप्पा मारत चढले. वर गेल्यावर चारी अंगानं वारा, खाली हिरवीगार ज्वारी, पिवळी पडलेली तूर, लांबवर गोदावरीची चमकती रेघ. मला हसूच फुटलं. कशाला हसतीस, म्हणून हे घाबरले. डॉक्टरांच्या कागदात हसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून बहुतेक मला सोडलं.

दोन्ही टेकड्यांच्या मधे खळग्यात रानं आहेत. आम्ही उतरलो तोवर पूजा झालेल्या, पंगती बसायच्या बेतात. पहिल्याच बांधावर हाक आली, "गुरुजी! अवो गुरुजी!" एक मिशाळ गडी पळत आला आणि ह्यांच्या पाया पडला. "वळखलं न्हाई? तिसरीत पाढे चुकले म्हनून तुमी मला कोंबडा केलता. चला, बसा जेवाया."

बसावंच लागलं. शेंगा-पालेभाज्यांची बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. आणि आंबील, ताकात ज्वारीचं पीठ घालून मुरवलेली, गारेगार. एक तांब्या पोटात गेला की पापण्या जड होतात. मी म्हणाले, "मला पथ्य हाय बाबा," आणि दोन घास खाऊन सुटले. दीड वर्षात त्या दुखण्याचा मला पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला! ह्यांना मात्र कसलं आलंय पथ्य?

पुढच्या रानात दुसरा विद्यार्थी. तिथं परत भज्जी, परत खीर, परत आंबील. हे हात आडवा धरून म्हणाले, "बास रे, जात न्हाई आता." तर तो मोठ्या अदबीनं म्हणतो, "गुरुजी, शाळंत खिचडी टाकली की तुमी छडी द्यायचा. आता तुमी कसं टाकताल?" मी पदर तोंडात कोंबला. तिसऱ्या रानात तर दोघं भाऊ निघाले, दोघंही ह्यांच्याच हाताखालचे. एक वाढायला, एक आग्रहाला. कर्म म्हणतात ते हेच.

तिसऱ्या पंगतीवरून उठताना ह्यांना भावांनी दंडाला धरलं. "पाच मिनटं टेकतो," हे कोपीच्या सावलीत आडवे होत म्हणाले. "तू हितंच बस. हलायचं न्हाई." पाचव्या श्वासाला घोरायला लागले.

मी थोरल्या टेकडीकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. भांडी घासणाऱ्या थोरल्या भावाच्या बायकोला म्हणाले, "बाई, ह्यांना उठवू नको. कुनी इचारलं तर सांग, वर गेलीय."

"वर?" ती दचकली.

"टेकडीवर गं!"

पहिली शंभर पावलं मी चोरासारखी गेले. मग एकदम ध्यानात आलं, आपल्याकडं कुणीच बघत नाही. दीड वर्षात एकदाही असं झालं नव्हतं. काय वाटलं म्हणून सांगू! मी शेळ्यांशी बोलले. एका बोरीची बोरं खाल्ली, न धुता. मुरमाड वाट पायाखालून सरकायली, साडीत कुसळं भरली, आणि मी खुळ्यासारखी एकटीच हसायले.

अर्ध्यावर मात्र छाती धडधडायला लागली. कानापर्यंत ऐकू येईल इतकी. मी एका दगडाला हात लावून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, भ्याले. हितं काही झालं तर? ह्यांचंच खरं असलं तर? बसावंसं लय वाटलं. पण बसले तर दुकान गेलं. उभ्यानंच वाट बघितली. हळूहळू धडधड उतरली, आणि पाय आपले आपण पुढं निघाले.

वर पोचले आणि दोन्ही हात पसरून गर्रकन फिरले. या वयात! मग तोंड वर करून जोरात आरोळी ठोकली. एवढा आवाज माझ्या गळ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं.

खाली बघितलं तर वाटेवर पांढरा सदरा. पळत वर येत होता, पडत होता, परत उठून पळत होता. पायात चप्पल नाही. आता बोलणी खायची म्हणून मी कंबर बांधून तयार राहिले. गेल्या दीड वर्षाचं सगळंच सुनावायचं ठरवलं होतं मी.

हे आले आणि मटकन खाली बसले. "जाग आली," म्हणाले, "तर तू न्हाई. ती पोरगी म्हनली, वर गेल्या. मला वाटलं..." डोळे भरले होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं बघितलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. तेव्हा मी आत पडून होते, बाहेर ह्यांचं काय झालं असेल हे मी कधी विचारलंच नव्हतं. सुनावायचं सगळं विसरून गेले.

मी शेजारी वाकले, ह्यांचा हात धरला आणि माझ्या छातीवर ठेवला. उघड्या माळावर, भर दुपारी.

"लय जोरात चालायलंय गं," हे म्हणाले.

"डोंगर चढून आलंय ते. हळू कसं चालंल?"

हे ऐकत राहिले. खालच्या रानातली माणसं माना वर करून बघायली होती, ह्यांचे विद्यार्थीच सगळे. मग हे म्हणाले, "मोबाइलवाल्याला उद्या न्हाई म्हनून सांगतो."

हात मात्र काढला नाही.